मधला रविवार

९ जानेवारी

प्रिय लेखनिकसाहेब,

सप्रेम सलाम.

तू बिशपसाहेबांच्या कचेरीत चिकटलास तेव्हापासून तुला पत्र लिहायचं म्हणजे मला आधी हात धुवावे लागतात. सुतारकामाचा सरस लागलेला कागद तुमच्या टेबलावर शोभायचा नाही. तर हे मावसभावाचं पत्र समजू नकोस, जाणत्या माणसाला विचारलेला प्रश्न समज.

माझ्या ओळखीतल्या एका माणसाचं लग्न मोडलं. कोर्टात रीतसर घटस्फोट झाला, त्यालाही आता वर्षं लोटली. पहिला जोडीदार जिवंत आहे, दुसरीकडे संसार थाटून मजेत आहे. आता या माणसाला पुन्हा लग्न करायचंय, आणि तेही चर्चमध्येच. होतं का?

विचारायचं कारण म्हणजे आमच्याकडे पाळक दोन आणि उत्तरंही दोन. परवा मी पाळकांच्या खोलीत कपाटाचा अडकलेला खण सोडवत होतो. दोघांना वाटलं, सुतार म्हणजे फर्निचरच. थोरले पाळक म्हणाले, "देवासमोर घेतलेली शपथ जोडीदार जिवंत आहे तोवर सुटत नाही. कोर्टाला काय म्हणायचं ते म्हणू दे."

धाकटे म्हणाले, "शपथ ज्यानं मोडली तो मोकळा आणि ज्यानं पाळली तो कैदेत? हा कुठला न्याय?"

"मी न्यायाबद्दल बोलत नाही, शपथेबद्दल बोलतोय."

"मग माणसाबद्दल कोण बोलणार?"

यावर थोरल्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खण सुटला का हो?" खण केव्हाच सुटला होता. मी उगाच हलवत बसलो होतो.

तुझं मत कळव. घाई नाही, पण लवकर कळव.

तुझा,
भाऊ


१७ जानेवारी

प्रिय भाऊ,

सलाम. पत्र पोचलं. सरसाचा वास आमच्या टेबलालाही आवडला.

नियम असा. चर्चमध्ये लग्न लावायचं तर तीन रविवार भर उपासनेत नावं पुकारायची, तीही दार उघडं ठेवून. ज्याला हरकत असेल त्यानं उभं राहून बोलावं. घटस्फोट झालेल्यांबद्दल आमच्या नियमावलीत एकच वाक्य आहे: "पाळकाने विवेकाने ठरवावे." ज्यानं लिहिलं त्याच्या चर्चमध्ये पाळक एकच असणार. एकाच ठिकाणच्या दोन विवेकांचं जमत नसेल तर प्रश्न धर्मगुरूंच्या बैठकीत येतो. बैठक ५ मार्चला आहे. नऊजण असतात. चार थोरल्यांच्या मताचे, चार धाकट्यांच्या, आणि नवव्यांना जेवणानंतर डुलकी लागते.

पण भाऊ, आता खरं सांग. "ओळखीतला माणूस" असं लिहून लोक कचेरीत रोज येतात, आणि तो माणूस त्यांच्याच चपलेत उभा असतो; बाकीचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदललेले. वहिनी कशा आहेत? तुमच्यात काही बिनसलंय का? तीस वर्षांचा संसार आहे. तू जरा फटकळ आहेस हे मान्य, पण वहिनींनी आजवर निभावून नेलंय. मी येऊन दोघांशी बोलू का?

काळजीत असलेला,
तुझा मावसभाऊ


२४ जानेवारी

प्रिय छोटू,

लेखनिकसाहेब ही पदवी काढून घेतलीय. कारण ऐक.

आमच्या घरी टपाल कोण उघडतं हे तू विसरलास. मी कारखान्यातून आलो तर तुझ्या वहिनी ते पत्र पुढ्यात ठेवून बसलेल्या. म्हणाल्या, "या वयात कोण मिळाली?" मी म्हटलं, "अगं, तो प्रश्न माझा नाही." त्या म्हणाल्या, "तसं त्यात लिहिलंच आहे. असंच सांगतात म्हणे सगळे." दोन दिवस मला चहा मिळाला, पण साखर नव्हती.

तेव्हा आता सरळच लिहितो. तो माणूस म्हणजे आपली माई. माझी सख्खी बहीण, तुझी लहानपणची मारकुटी ताई. तिच्या नवऱ्यानं पोरीला आणि तिला सोडलं त्याला सोळा वर्षं झाली. दवाखान्यात कंपाउंडरचं काम करून तिनं पोर वाढवली. पोर आता वीस वर्षांची आहे, परगावी शिकते. आणि माईला लग्न करायचंय ते आमच्या घड्याळजीशी.

घड्याळजी तुला आठवेल. दर शनिवारी चर्चच्या मनोऱ्यावर चढून मोठ्या घड्याळाला चावी देतो तो, बायको वारलेला. महिन्यातून चार वाक्यं बोलतो. गेल्या वर्षी दवाखान्यातलं घड्याळ बिघडलं. ते दुरुस्त करायला त्याला सात खेपा लागल्या. मनोऱ्यावरचं घड्याळ त्यानं एका दुपारी खोलून लावलंय! तेव्हाच काय ते मी कानांनी नसलं तरी डोळ्यांनी ऐकलं.

मी माईला म्हटलं, नोंदणी कचेरीत जा, दोन सह्या करा, विषय संपला. ती म्हणाली, "तिथं कागद पुढे सरकवतात. इथं सगळ्यांदेखत मला विचारतात, आणि मी उत्तर देते. मला विचारलेलं हवंय, भाऊ."

तर बैठकीत आपल्या बाजूनं वारं कसं आहे ते पाहून ठेव. तिचं पहिलं लग्न इथंच लागलं, थोरल्या पाळकांनीच लावलं. त्याची नोंद वगैरे सगळी नीट आहे, ती पाहायची काही गरज नाही.

तुझा,
भाऊ


६ फेब्रुवारी

प्रिय भाऊ,

आधी वहिनींची माफी मागतो. साखर सुरू झाली असेल अशी आशा आहे.

आता मोठी बातमी. तू आयुष्यात कधी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाहीस. म्हणून "नोंद पाहायची गरज नाही" हे वाक्य वाचल्यावर मी पहिलं काम केलं ते नोंद पाहण्याचं. सगळ्या चर्चच्या वह्यांच्या प्रती आमच्या तळघरात असतात. बावीस वर्षांपूर्वीची वही काढली. माईच्या लग्नाची नावं पुकारली ४, ११ आणि १८ मे या तीन रविवारी. खाली थोरल्या पाळकांची सही. सगळं नीट.

पण त्याच खोक्यात एक अर्ज सापडला. अक्षर तुझं, भाऊ. "नव्या चाळीस बाकांचे वार्निश वाळले नसल्याने रविवार दि. ११ मे रोजी चर्च बंद ठेवण्यास परवानगी असावी." वर तेव्हाच्या बिशपसाहेबांचा होकार.

म्हणजे ११ तारखेला चर्चला कुलूप होतं. मग नावं कोणी पुकारली, आणि कोणी ऐकली? बाकांनी?

मी दोन्ही कागद बिशपसाहेबांना दाखवले. ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "सुटलो! तीन वेळा पुकार झालीच नाही, म्हणजे ते लग्न नियमाप्रमाणे लागलंच नाही. शपथ मोडली की नाही हा वादच उरत नाही. बाई आजवर अविवाहित. थोरले खूश, धाकटे खूश." बैठकीत पाच मिनिटांत ठराव होईल म्हणाले. नवव्यांना जागंही करावं लागणार नाही.

माईला कळव. आणि मला मिठाई पाठव.

तुझा,
छोटू (पदवी परत द्यावी)


१२ फेब्रुवारी

छोटू,

मिठाई नाही, पदवीही नाही. हे काय करून बसलास?

दोष माझा आहे, ते आधी लिहितो. ती चाळीस बाकं म्हणजे माझं पहिलं मोठं काम. त्याआधी मी दुसऱ्यांच्या दुकानात रंधा मारत होतो. चर्चनं विश्वास टाकला आणि मी हुशारी केली. पहिला हात वाळायच्या आत वार्निशचा दुसरा हात मारला, चकाकी यावी म्हणून. चकाकी आली, पण बाक काही वाळेना. बसणारा माणूस उठलाच नसता. म्हणून चर्च बंद ठेवलं.

आणि नेमकं त्यात माईचं लग्न आलं. नवऱ्या मुलाला नोकरीवर हजर व्हायचं होतं, तारीख पुढे ढकलता येत नव्हती. मी थोरल्या पाळकांकडे गेलो. तेव्हा ते तरुण होते, दाढी काळी होती. म्हटलं, "एका रविवारानं काय बिघडतं? वहीत लिहून टाका." ते तयार नव्हते. मी गयावया केली. शेवटी त्यांनी लिहिलं. त्यानंतर बावीस वर्षांत त्यांनी कोणाला एका दिवसाचीही सूट दिलेली नाही. लोक म्हणतात स्वभावच कडक. मला कारण ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट आहे, जी मी वहिनींनाही सांगितलेली नाही. त्या ११ तारखेला सकाळी मी शिडीवर चढून खिडक्या उघडत होतो, वारा लागावा म्हणून. एक बाई आली. राखाडी कपडे, हातात छोटी पेटी, लांबून आलेली दिसत होती. दाराला लावलेली चिठ्ठी तिनं दोनदा वाचली. मग मला विचारलं, "आज नावं वाचणार नाहीत का?" मी म्हटलं, "वार्निश ओलं आहे, बाई. पुढच्या रविवारी या." ती थोडा वेळ दाराकडे पाहत उभी राहिली आणि गेली. पुढच्या रविवारी आली नाही. ती कोण होती, आणि काय सांगायला आली होती? माईच्या नवऱ्याबद्दलच का? की भलत्याच कामाला आली होती? बावीस वर्षं मी हे डोक्यात फिरवतोय.

बिशपसाहेबांची युक्ती मी माईला सांगितली. वाटलं, उडी मारेल. ती दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधत होती. हातातली पुडी पुरी बांधली, खाली ठेवली, आणि तुझा पत्ता मागितला. चेहरा मला आवडला नाही. सांभाळून राहा.

भाऊ


१५ फेब्रुवारी

प्रिय छोटू,

सलाम. लहानपणी तू माझी पाटी फोडून "ती आधीच फुटलेली होती" असं सांगायचास. सवय गेलेली दिसत नाही.

मी अविवाहित आहे असं तुम्ही ठरवणार आहात म्हणे. मग सहा वर्षं ज्याचा डबा भरला, ज्याच्या तापात रात्री पट्ट्या बदलल्या, तो कोण होता? भाडेकरू? माझ्या पोरीला मी काय सांगू? तुझ्या आईबापांचं लग्न झालंच नव्हतं, कारण मामाचं वार्निश ओलं होतं?

माझं लग्न झालं होतं. मी मनापासून "हो" म्हटलं होतं. ते मोडलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यातली एकही मी तुम्हाला पुसू देणार नाही. थोरले पाळक म्हणतात, तुझं लग्न अजून आहे. तुम्ही म्हणता, कधी नव्हतंच. त्यातल्या त्यात थोरले बरे, निदान ते माझ्या लग्नाला लग्न तरी म्हणतात.

भाऊनं त्या पेटीवाल्या बाईचीही गोष्ट सांगितली, रडत. मी त्याला म्हटलं, अरे, ती आली असती, उभी राहिली असती, वाटेल ते बोलली असती, तरी मी त्याच्याशीच लग्न केलं असतं. चोवीस वर्षांची होते. मला कोण अडवणार होतं?

मला पळवाट नको. एकदा लग्न मोडलेली बाई म्हणून मला समोर उभी करा आणि ठरवा, हो की नाही. नाही म्हणालात तर घड्याळजी आणि मी शेजारी शेजारी म्हातारे होऊ. त्याला घाई नाही, तो सेकंदाच्या काट्याकडेही शांतपणे बघतो. पण चोरवाटेनं मी आत येणार नाही.

हे पत्र बैठकीत वाच. जसंच्या तसं. पाटीचं वाक्य गाळलंस तरी चालेल.

तुझी,
माई


७ मार्च

प्रिय भाऊ,

पाटीचं वाक्यही वाचलं. गाळलं असतं तर ती बैठकीत येऊन उभी राहिली असती.

आता नीट ऐक, काहीही न वगळता सांगतो. माझं वाचून झालं. नववे पूर्ण जागे होते. बिशपसाहेबांनी चष्मा पुसला आणि थोरल्या पाळकांना विचारलं, "ही ११ मेची नोंद तुमची?"

थोरले उभे राहिले. "माझी. त्या दिवशी मी नावं पुकारली नाहीत. खोटं लिहिलं. कोणी भरीस घातलं हे सांगणार नाही, पेन माझ्या हातात होतं."

तुझं नाव त्यांनी घेतलं नाही, भाऊ.

बिशपसाहेब म्हणाले, "मग ठरावाला तुमची हरकत नसावी. पुकार अपुरी, लग्न रद्द."

"माझी पूर्ण हरकत आहे. चूक वहीत झाली, लग्नात नाही. त्या मुलीनं माझ्यासमोर शपथ घेतली. मी ऐकली."

तेवढ्यात धाकटे उठले. मला वाटलं आता पेटणार, कारण ठराव झाला तर जिंकत होते तेच. तर ते म्हणाले, "साहेब, मीही या ठरावाला मत देणार नाही. मला हे लग्न लावायचंय, पण तिचं आधीचं खोडून नाही." दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं जसं चुकून एकाच छत्रीखाली आलेत.

ठराव बारगळला. मग खरा वाद तीन तास चालला. थोरले आपल्या जागेवरून तसूभर हलले नाहीत. "शपथ खरी मानता, मग ती सुटली कशी मानता?" धाकट्यांनी उत्तर दिलं, "खरी होती म्हणूनच मोडल्यावर एवढं दुखलं. दुखलेल्याला दार बंद करायचं का?" मी टाचण घेत होतो, पण दोनदा पेन थांबलं. दोघंही मला बरोबर वाटत होते, आणि हे कागदावर कसं लिहितात ते मला कोणी शिकवलेलं नाही.

शेवटी पाच विरुद्ध चार. पाचवं मत नवव्यांचं. निर्णय असा: ज्या पाळकाच्या विवेकाला पटतं त्यानं लग्न लावावं, ज्याला पटत नाही त्याच्यावर सक्ती नाही. पण तीन रविवार पुकार झालीच पाहिजे, दार उघडं ठेवून. आणि त्याच चर्चचा पाळक हरकतीला उभा राहिला तर सगळं थांबेल, प्रश्न पुढच्या वर्षीच्या बैठकीत येईल.

हे शेवटचं कलम कोणासाठी आहे ते तुला सांगायला नको. बाहेर पडताना मी थोरल्यांना विचारलं, "आपण उभे राहाल का?" ते म्हणाले, "मला अजून ठाऊक नाही." खोटं बोलत नव्हते. त्या माणसानं खोटं एकदाच लिहिलं तेवढं.

तुझा,
छोटू


५ मे

प्रिय लेखनिकसाहेब,

पदवी परत.

पहिला रविवार निभला. थोरले पाळक आजाऱ्यांच्या भेटीला बाहेरगावी गेले होते. मुद्दाम गेले की काय, देव जाणे. माई म्हणाली, "ते नसताना झालं, त्याला मी अर्धंच धरते."

काल मधला रविवार. पुकार याही वेळी धाकट्यांचीच होती. मी तासभर आधी जाऊन दाराच्या दोन्ही झडपा उघडून त्यांना पाचर मारली. वाऱ्यानंसुद्धा बंद होता कामा नये. मग दाराजवळच उभा राहिलो. वहिनी म्हणाल्या, "आत बसा ना." मी म्हटलं, "इथून बरं दिसतं." तुला सांगतो, मी रस्त्याकडेही पाहत होतो. राखाडी कपडे, छोटी पेटी. आता ती सत्तरीची असेल. कोणी आलं नाही. पण दार उघडं होतं.

उपासना सुरू झाल्यावर थोरले पाळक आत आले. झगा नाही, साधा कोट. वेदीकडे गेलेच नाहीत, शेवटच्या बाकावर बसले. चाळीस नंबरच्या. त्याच्या पायाला अजून माझा जुना शिक्का आहे. माई आणि घड्याळजी तिसऱ्या रांगेत होते, पोर खास सुट्टी काढून आलेली, दोघांच्या मध्ये बसलेली.

धाकट्यांनी कागद उघडला. नावं इतकी भरभर आणि पुटपुटत वाचली की ती कागदावरच राहिली. "कोणाची हरकत असेल तर..." एवढं म्हणाले, आणि चाळिसावं बाक करकरलं.

थोरले उभे राहिले.

छोटू, काल मी मनोऱ्यावरच्या घड्याळाची टिकटिक खाली उभा राहून ऐकली. अख्ख्या चर्चनं माना वळवल्या. एक माई तेवढी वळली नाही. ताठ समोर पाहत बसली. घड्याळजीनं काय करावं? खिशातलं घड्याळ काढलं आणि उगाच चावी दिली.

थोरले म्हणाले, "मागे ऐकू आलं नाही. नावं पुन्हा वाचा. सावकाश."

धाकट्यांनी कागद पुन्हा सरळ केला. मग त्यांनी घसा साफ केला आणि वाचलं. तिचं नाव, त्याचं नाव, त्याची बायको वारलेली, हिचं पहिलं लग्न मोडलेलं, सगळं खणखणीत. थोरले शेवटच्या शब्दापर्यंत उभे होते. मग बसले.

उपासना संपल्यावर पाळकांच्या खोलीत गेलो. मला माफी मागायची होती, पण थोरल्यांनी हातानंच गप्प केलं. कपाटातून वही मागितली. खण लगेच उघडला, ते काम मी चांगलं केलंय. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: रविवार, ४ मे, दुसरी पुकार, सर्वांनी ऐकली. खाली सही केली. आणि शाई वाळेपर्यंत वही मिटली नाही. फुंकर घालत बसले.

माई दारात उभी होती. तिच्याकडे न पाहता म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही, बरं का."

"माझंही नाही," माई म्हणाली.

"लग्न ते लावतील. मी लावणार नाही."

"ठाऊक आहे. पण बसायला याल ना?"

थोरल्यांनी बोटानं सहीची शाई तपासली. वाळली होती. मग वही मिटली आणि मला विचारलं, "त्या चाळीस नंबरचा पाय जरा हलतोय. लग्नाआधी बघून घ्याल का? मी तिथंच बसेन म्हणतो."

लग्न १७ तारखेला आहे. तूही ये, वहिनींनी खास बोलावलंय. कपड्यांची काळजी करू नकोस. बाकं वाळली आहेत.

तुझा,
भाऊ